शेजारच्या वॉशिंग सेंटरचा विस्तार आणि आमची हरकत

नागपूरच्या मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीच्या, तोंडाशी गाड्या धुण्याचे एक सेंटर बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. त्याच्या मागचा रिकामा प्लॉट सेंटरच्या मालकांनी घेतला असून तिथे आणखी दोन रॅम्प आणि नवे फाटक होणार आहे, हे आम्हाला जानेवारी २०२४ मध्ये समजले. त्या विस्ताराच्या परवानगीचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये लागला. मधल्या काळात कोणत्या खिडकीवर जायचे, काय मागायचे आणि कशावर बोलायचे हे सांगणारे आम्हाला सहजासहजी कोणी भेटले नाही, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहीत आहे. सेंटरचे आणि संबंधित कार्यालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण त्या लोकांशी आमचा रोजचा संबंध आहे आणि तो बिघडावा असे मला वाटत नाही.

आधी जागेची परिस्थिती सांगते. जुने सेंटर साठ फुटी रस्त्याला लागून आहे. मागचा प्लॉट मात्र आमच्या तीस फुटी आतल्या रस्त्यावर उघडतो आणि त्याच्या एका बाजूला एका वृद्ध काकूंचे घर आहे. नागपुरात बऱ्याच ठिकाणी झाले तसे आमच्याकडेही सिमेंट रस्ता झाल्यावर रस्ता उंच आणि अंगणे खोल झाली. त्यामुळे नाली भरली की तिचे पाणी प्रथम काकूंच्या अंगणात शिरते. पावसाळ्यात ते सगळ्यांनाच सोसावे लागते, पण सेंटरच्या बाजूची नाली भर उन्हाळ्यातही वाहती असते. तिच्या तळाशी काळपट, चिकट गाळ बसतो आणि वर साबणाच्या फेसाबरोबर ऑइलचा तवंग फिरत असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराची झळ आमच्या भागाला बसली नव्हती, तरी अंबाझरीकडच्या वस्त्यांचे हाल पाहिल्यानंतर नालीत काय जाते आणि ती कुठे तुंबते याकडे आम्ही सर्वच जण अधिक लक्ष देऊ लागलो होतो.

सर्वप्रथम आम्ही मालकांनाच भेटलो. ते म्हणाले, "ताई, मी काय कारखाना टाकून राहिलो का? दोन रॅम्प तर वाढवून राहिलो. रविवारी गाड्या रोडवर उभ्या राहतात, त्याचीच तर तुम्ही तक्रार करता." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. गाड्यांची रांग आत गेली तर मोठ्या रस्त्यावरची गर्दी कमी होणार होती, हे मलाही पटत होते. परंतु नवे फाटक आतल्या रस्त्यावर निघणार असल्याने तीच रांग काकूंच्या दारासमोर आणि मुलांच्या स्कूल व्हॅनच्या वाटेत येणार होती. पाण्याचे काय, या प्रश्नावर त्यांनी "ते आर्किटेक्ट पाहून राहिले" एवढेच सांगितले. आम्ही हरकत नोंदवणार आहोत हे त्याच भेटीत त्यांना सांगून टाकले. त्यामुळे पुढे समोरासमोर बसण्याची वेळ आली तेव्हा फसवणूक झाल्याची भावना त्यांच्या मनात नव्हती.

नागपुरात पहिली अडचण येते ती अर्ज कोणाकडे करायचा याची. शहराच्या काही भागांत बांधकामाच्या परवानगीचे काम महापालिकेकडे राहिले आहे आणि काही लेआउट नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकासाच्या संस्थेकडे राहिले आहेत. त्यातच आमच्यासारख्या अनेक वस्त्या मुळात गुंठेवारीतल्या, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे मंजुरीशिवाय विकून झालेल्या, असून २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्या आहेत. म्हणून घरात पडून असलेले आर.एल. लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र, आधी बाहेर काढा. त्यावरचा खसरा (सर्व्हे) क्रमांक, मौजा (महसुली गाव) आणि प्लॉट क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात लागतो. आमच्या लेआउटची सर्व आर.एल. लेटर राहण्याच्या वापरासाठी दिलेली होती आणि मागच्या प्लॉटचेही तसेच असणार, हे त्यावरूनच लक्षात आले. एरवी अशा कामात नगरसेवकाकडे जाण्याची पद्धत आहे, पण मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक असल्याने तो रस्ताही नव्हता.

५ फेब्रुवारी २०२४ रोजी आम्ही दोन कागद एकाच वेळी दिले. पहिला माहितीच्या अधिकारातला अर्ज होता. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले आणि प्रतींबरोबरच विस्ताराच्या अर्जाची नस्ती, म्हणजे फाइल, प्रत्यक्ष पाहण्याची मागणी केली. दुसरे एका पानाचे प्राथमिक हरकतपत्र होते. हे दुसरे पत्र वाट न पाहता देणे फार महत्त्वाचे आहे, कारण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली आलेल्या बांधकाम परवानगीच्या अर्जाची सूचना शेजाऱ्यांना देण्याची तरतूद नाही. शिवाय कलम ४५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून, किंवा काढलेल्या त्रुटीला अर्जदाराने उत्तर दिल्यापासून, यातील जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून साठ दिवसांत निर्णय कळवला गेला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसणारा असला, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस लागतात. तेवढ्यात साठातले निम्मे दिवस निघून जातात. दोन्ही कागद आवक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. "साहेबांच्या टेबलावर ठेवून जा" असे कोणी आपुलकीने सांगितले तरी कागद आवक विभागातच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच आठवड्यात मागच्या प्लॉटच्या खसऱ्याचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात आहे याचा दाखला) आणि भाग नकाशा मिळावा म्हणून वेगळा अर्ज केला. हे कागद जमिनीच्या मालकालाच मिळतात असा आमचा समज करून देण्यात आला होता, पण शुल्क भरल्यावर ते आम्हाला मिळाले. त्यात मागचा प्लॉट निवासी विभागात दाखवला होता आणि समोरचा रस्ता नऊ मीटरचा, म्हणजे तीस फुटीच होता. हा शेवटचा तपशील आमच्या प्रकरणात सर्वांत जास्त कामाला आला. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत निवासी विभागाचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग आहेत आणि ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरतात. दाट वस्तीच्या हद्दीबाहेर बारा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरचा प्लॉट आर-१ मध्ये मोडतो आणि तिथे चालणाऱ्या व्यवसायांची यादी बरीच आखूड आहे. बारा मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावर ती यादी लांबते. सेंटर साठ फुटी रस्त्यावर आहे की तीस फुटी, यावर सगळे अवलंबून होते आणि विस्तारानंतर ते दोन्हीकडे उघडणार होते.

नस्ती पाहण्यासाठी ७ मार्च ही तारीख मिळाली. पहिला तास शुल्क लागत नाही. आमच्याबरोबर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले लेआउटमधले एक काका होते. नकाशे वाचण्याची त्यांना सवय असल्याने तो तास सार्थकी लागला. नस्ती पाहताना आधी टिपणी पाने वाचावीत, मग नकाशा उघडावा, हा त्यांचा सल्ला मी कोणालाही देईन. कार्यालयाने काय विचारले आहे आणि अर्जदाराने काय उत्तर दिले आहे, हे टिपणीतच कळते. प्रस्ताव दोन्ही प्लॉटच्या एकत्रीकरणाचा होता. त्यामुळे संपूर्ण जागा साठ फुटी रस्त्यावरची धरावी असे आर्किटेक्टचे म्हणणे दिसत होते. नकाशात मात्र गाड्यांसाठी सहा मीटरचे फाटक आतल्या रस्त्यावर काढलेले होते. धुण्याचे पाणी एका बारीक बाणाने "अस्तित्वातील गडर लाइन" कडे, म्हणजे सांडपाण्याच्या बंद वाहिनीकडे, वळवलेले होते. गाळ बसण्याची टाकी किंवा ऑइल वेगळे करण्याची टाकी नकाशात कुठेच नव्हती. आवश्यक पानांच्या प्रती प्रत्येकी दोन रुपयांप्रमाणे घेतल्या. मोठ्या नकाशाचा खर्च वेगळा पडला.

त्यानंतर सविस्तर हरकत लिहिण्याचे काम होते आणि ते वाटले होते त्यापेक्षा अवघड निघाले. लेआउटच्या बैठकीत अनेकांच्या मनातला राग बाहेर आला. घरांच्या किमती पडतील, बाहेरची पोरे बसून असतात, गाणी लावतात, हे सगळे पत्रात यावे असा आग्रह होता. सेंटरवर काम करणारी मुले दिवसभर उन्हात आणि पाण्यात राबतात. त्यांच्याविषयी तसे काही लिहिण्यास मी नकार दिला आणि काकांनी मला साथ दिली. शेवटी चारच मुद्दे ठेवले: आतल्या रस्त्याची रुंदी आणि त्यावरचे फाटक, धुण्याच्या पाण्याचा निचरा, बोअरवेलच्या पाण्याचा उपसा आणि कॉम्प्रेसरचा आवाज. प्रत्येक मुद्द्याखाली नियम, नस्तीतल्या पानाचा क्रमांक आणि आमची मागणी एवढेच लिहिले.

पाण्याचा हिशेब कसा मांडला ते थोडे सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक जण "पाण्याची प्रचंड नासाडी" असे लिहून मोकळे होतात. प्रेशर पंपाच्या पाटीवर तो मिनिटाला किती लिटर पाणी फेकतो हे लिहिलेले असते. आमच्या सेंटरच्या पंपावर १८ लिटर लिहिले होते. एका गाडीला पंप साधारण नऊ मिनिटे चालतो, म्हणजे सुमारे १६० लिटर पाणी लागते. रविवारी तीस गाड्या धरल्या तर दिवसाला जवळपास पाच हजार लिटर झाले. रॅम्प दुप्पट झाल्यावर हा आकडा दहा हजारांच्या घरात जातो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी उपसा असेल तरच ना-हरकत घेण्यातून सूट आहे आणि दहा घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरच. त्यामुळे बोअरवेलला मीटर बसवावा, ही आमची मागणी कोणालाही अवास्तव म्हणता आली नाही. आवाजाबाबत २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी क्षेत्राची मर्यादा लिहिली. ती सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

सह्या गोळा करताना दोन घरांनी नकार दिला. त्यातल्या एका घराचा मालकांशी उसनवारीचा संबंध होता. आम्ही आग्रह केला नाही. ११ मार्च रोजी सविस्तर हरकत देऊन पोच घेतली आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नागपूरचे मतदान १९ एप्रिलला होते. कर्मचारी निवडणुकीच्या कामात गेले आणि आमची नस्ती जिथे होती तिथेच राहिली. मधल्या काळात अर्जदाराला त्रुटीपत्र गेले आहे एवढे कळले. त्यामुळे साठ दिवसांची भीती कमी झाली, पण मनाला स्वस्थता नव्हती. प्लॉटवर विटा आणि गिट्टी उतरली की काकू फोन करत आणि आम्ही तारखेसह फोटो काढून ठेवत असू. ते फोटो नंतर कोणी मागितले नाहीत. तरीही काम सुरू झालेले नाही याची नोंद आपल्याकडे असावी, असे मला वाटते.

स्थळ निरीक्षण २२ मे रोजी झाले. सकाळी साडेदहालाच ऊन अंगावर येत होते. कनिष्ठ अभियंत्यांनी आधी आतला रस्ता टेपने मोजला. कुंपणापासून कुंपणापर्यंत तो जेमतेम नऊ मीटर भरला. मग पाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मालकांनी चेंबरचे झाकण उघडून दाखवले आणि पाणी गडर लाइनमध्येच जाते असे ठामपणे सांगितले. काकांनी घरून आणलेली कपड्यांच्या निळीची बाटली पुढे केली आणि ती चेंबरमध्ये ओतण्याची परवानगी मागितली. अभियंत्यांनी स्वतःच बाटली घेतली, अर्धी ओतली आणि एका मुलाला पंप चालू करायला सांगितले. आम्ही सगळे पुढच्या गडर चेंबरपाशी जाऊन उभे राहिलो. तिथे काहीच दिसेना. काही मिनिटांनी काकूंनी त्यांच्या फाटकातून हाक मारली. त्यांच्या दारासमोरच्या पावसाळी नालीतून निळे पाणी वाहत होते. ते आधी फिकट होते, मग चांगले गडद झाले आणि नालीच्या गाळावर निळ्या रेषा उमटल्या. मालक बराच वेळ नालीकडे पाहत राहिले. जुनी जोडणी करणाऱ्या मिस्त्रीने आपल्याला गडरलाच जोडल्याचे सांगितले होते, असे ते म्हणाले आणि मला ते खरे वाटले. पंचनाम्यात ही गोष्ट जशी घडली तशी नोंदवली गेली. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. आमच्या मागणीवरून त्यात रस्त्याच्या रुंदीचा आकडाही लिहिण्यात आला.

सुनावणीचे पत्र जुलैच्या सुरुवातीला आले आणि तारीख १८ जुलै होती. अशी सुनावणी देणे या प्रकारच्या अर्जात बंधनकारक नाही, म्हणून ती मिळाली याचे समाधान होते. त्याच वेळी भीतीही होती, कारण समोर आर्किटेक्ट बोलणार आणि आपल्याला उत्तर सुचले नाही तर सगळे तिथेच संपेल, असे वाटत होते. प्रत्यक्षात सारे अर्ध्या तासात झाले. अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला सेंटर बंद व्हायला हवे आहे, की प्रस्तावात बदल हवे आहेत?" आम्ही आपसात हे आधीच ठरवले होते, त्यामुळे बदल हवे आहेत असे लगेच सांगता आले. आर्किटेक्टनी एकत्रीकरणाचा मुद्दा मांडला आणि संपूर्ण जागा अठरा मीटर, म्हणजे साठ फुटी, रस्त्यावरची असल्याने हा वापर चालतो असे सांगितले. अधिकाऱ्यांनी नकाशा फिरवून त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले की जागा अठरा मीटर रस्त्याची आहे तर गाड्यांचे फाटक नऊ मीटर रस्त्यावर कशासाठी. या प्रश्नानंतर चर्चेचा सूर बदलला. मालक स्वतः म्हणाले की फाटक नको असेल तर ते काढतो, पण मागच्या जागेत किमान गाड्या उभ्या करू द्या. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

ऑगस्टमध्ये सुधारित नकाशा दाखल झाला आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी अटींसह परवानगी देण्यात आली. आतल्या रस्त्यावरचे फाटक रद्द झाले आणि तिथे सात फुटी सलग भिंत आली. नवे रॅम्प मोठ्या रस्त्याच्या बाजूला सरकले आणि मागची जागा गाड्या उभ्या करण्यापुरती राहिली. गाळ बसण्यासाठी तीन कप्प्यांची टाकी, ऑइल व ग्रीस वेगळे करणारा कप्पा, गडर लाइनला तपासून दिलेली जोडणी, बोअरवेलवर मीटर, काकूंच्या भिंतीपासून दूर बंदिस्त खोलीत कॉम्प्रेसर आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ही वेळ, हे सर्व अटींमध्ये आले. नवे रॅम्प सुरू करण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट घ्यावा, ही अटही घालण्यात आली. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे गडरमध्ये सांडपाणी सोडण्यापूर्वी अशी संमती लागतेच. पण परवानगीच्या कागदावर ती लिहिलेली असली की पुढे तिच्यावर बोट ठेवता येते. आदेशाची प्रत हरकतदारांना आपोआप येत नाही. ती वेगळा अर्ज करून मागावी लागते आणि आम्हाला ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली.

निर्णय आमच्याविरुद्ध गेला असता तर काय, याचीही चौकशी आम्ही एका वकिलांकडे करून ठेवली होती. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ चे अपील चाळीस दिवसांत शासनाकडे करता येते, पण तो अधिकार अर्जदाराचा आहे, शेजाऱ्यांचा नाही. महापालिका हद्दीत अर्जदाराने महत्त्वाची माहिती चुकीची दिली असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली परवानगी रद्द करण्याची मागणी आयुक्तांकडे करता येते. त्यापलीकडे उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठच उरते. त्याचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता. म्हणूनच परवानगी होण्यापूर्वीची हरकत इतकी जपून लिहावी लागली. आमचा सगळा खर्च दाखले, प्रती, टायपिंग आणि वकिलांचा एकदाचा सल्ला धरून सात हजार रुपयांच्या आत राहिला आणि तो सह्या करणाऱ्या घरांनी वाटून घेतला. नकार दिलेल्या दोन घरांपैकी एकाने नंतर आपणहून वाटा आणून दिला.

भिंत जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि नवे रॅम्प मार्चमध्ये कन्सेंट मिळाल्यावर सुरू झाले. मृग लागण्याआधी मालकांनी आम्हाला बोलावून पुन्हा चेंबरमध्ये नीळ ओतली. या वेळी ती गडरच्या चेंबरमध्ये दिसली आणि काकूंच्या समोरची नाली कोरडी राहिली. उन्हाळ्यात कॉम्प्रेसरच्या खोलीचे दार उघडे ठेवले जात असे. त्याबद्दल सांगितल्यावर त्यांनी तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला. रविवारी संध्याकाळी सातनंतरही पंप चालू राहतो ही तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. त्या वेळांची नोंद आम्ही एका वहीत ठेवत असून, मालकांशी बोलून फरक पडला नाही तर आदेशातल्या वेळेच्या अटीचा क्रमांक देऊन परवानगी देणाऱ्या कार्यालयाला पत्र देणार आहोत.